‘याजक’ की ‘पाळक’? बायबलमधल्या याजकपदाचे नियम आजच्या चर्चच्या नेत्यांना लागू होतात का?

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती परंपरा एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ म्हणजेच सीएनआयची स्थापना झाली. त्यात बिशप मानणारे अँग्लिकन होते आणि बिशप हे पदच नको असलेले बॅप्टिस्टही होते. या एकीकरणाच्या वाटाघाटी सुमारे चार दशकं चालल्या. बाप्तिस्मा लहानपणी द्यायचा की मोठेपणी, यावर जसा खल झाला, तसाच आणखी एका प्रश्नावर झाला. तो म्हणजे, उपासनेत समोर उभ्या राहणाऱ्या माणसाला नेमकं म्हणायचं काय?

अँग्लिकन त्याला ‘प्रीस्ट’ म्हणत. इतर काहींना या शब्दाचंच वावडं होतं. शेवटी ‘प्रेस्बिटर’ हा शब्द ठरला. एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांच्या सेवापदांचं एकत्रीकरण करण्यात आलं. त्यात कुणाचीही आधीची दीक्षा रद्द ठरवलेली नव्हती.

बाहेरच्या माणसाला हा शब्दांचा कीस वाटेल. पण या शब्दामागे एक फार जुना वाद आहे. देव आणि माणूस यांच्या मध्ये उभं राहायचा हक्क कुणाला आहे? तसा कुणी असेल, तर त्याला जाब कोण विचारणार? चर्चमधला पैसा, घराणेशाही, महिलांचं स्थान, लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी, असा कोणताही वाद घ्या. त्यात कुणी ना कुणी बायबलमधल्या याजकांचा दाखला देतंच. म्हणून आधी हे याजक कोण होते ते पाहू.

याजक म्हणजे कोण?

बायबलच्या पहिल्या भागात, म्हणजे जुन्या करारात, इस्राएल लोकांच्या बारा वंशांपैकी लेवी हा वंश देवाच्या सेवेसाठी वेगळा काढलेला आहे. याच वंशातला मोशेचा भाऊ अहरोन आणि त्याची मुलं म्हणजे याजक. लेवी वंशातले बाकीचे लोक त्यांचे मदतनीस. निवासमंडप, म्हणजे वाळवंटातल्या प्रवासात सोबत नेलेलं तंबूचं उपासनास्थान, उचलणं, उभारणं आणि राखणं हे त्यांचं काम.

याजकांकडे अर्पणं वाहणं, धूप जाळणं, दिवे लावणं, नियमशास्त्र शिकवणं आणि लोकांना आशीर्वाद देणं ही कामं होती. एक काम मात्र आपल्याला अनपेक्षित वाटेल. लेवीय या पुस्तकाच्या १३व्या अध्यायानुसार एखाद्याच्या अंगावर चट्टा उठला, तर त्याने याजकाकडे जायचं. संशय असेल तर याजक त्याला सात दिवस वेगळं ठेवणार आणि मग पुन्हा तपासणार. कोविडच्या काळातून गेलेल्या वाचकाला हे वर्णन ओळखीचं वाटावं.

प्रमुख याजकाच्या छातीवर बारा रत्नांचा ऊरपट असे आणि प्रत्येक रत्नावर एका वंशाचं नाव कोरलेलं असे. देवासमोर जाताना तो एकटा जात नाही, सगळ्या लोकांची नावं छातीवर घेऊन जातो, असा त्याचा अर्थ. ख्रिस्ती नेतृत्वावरच्या प्रवचनांत हे उदाहरण आवडीने दिलं जातं.

हे पद वंशपरंपरागत होतं. परीक्षा नाही, निवडणूक नाही. मराठी वाचकाला इथे गावच्या पुरोहिताची आठवण येणं साहजिक आहे. पण ही तुलना एका टप्प्यापर्यंतच चालते. का, ते पुढे येईल.

अधिकार कमी, बंधनं जास्त

याजकांबद्दलचे नियम वाचताना एक गोष्ट लक्षात येते. याजक काय करू शकतो यापेक्षा त्याने काय करायचं नाही, याचीच यादी मोठी आहे.

पहिलं बंधन जमिनीचं. कनान देशाची वाटणी झाली तेव्हा लेवी वंशाला इतरांसारखा प्रदेश मिळाला नाही. यहोशवाच्या पुस्तकाप्रमाणे त्यांना राहायला ४८ नगरं आणि गुरांसाठी भोवतालची कुरणं मिळाली, त्यातली १३ याजकांची. शेतीचा वाटा नाही, म्हणून लोकांनी उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, लेव्यांना द्यायचा. हा हिशोब गणना या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात आहे. तिथेच पुढे असंही आहे की लेव्यांनी मिळालेल्या दशमांशाचाही दशमांश काढून याजकांना द्यायचा. शिवाय अनुवाद या पुस्तकाच्या १४व्या अध्यायानुसार दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवायचा. त्यावर लेव्यांइतकाच परदेशी, अनाथ आणि विधवा यांचाही हक्क.

दुसरं बंधन वयाचं. गणना ८ मध्ये लेव्यांच्या सेवेला २५व्या वर्षी सुरुवात होते आणि ५०व्या वर्षी ती थांबते. त्यानंतर त्यांनी तरुणांना हातभार लावायचा, पण मुख्य जबाबदारी सोडायची. हा नियम लेव्यांसाठी आहे, याजकांसाठी नाही. तरी इतक्या जुन्या ग्रंथात निवृत्तीचं वय लिहिलेलं सापडणं ही मजेची गोष्ट आहे.

तिसरं बंधन दारूचं. सेवेसाठी मंडपात जाताना याजकाने मद्य घ्यायचं नाही. अहरोनाचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, सांगितलेलं नसताना वेगळाच अग्नी घेऊन गेले आणि मरण पावले. त्या घटनेला लागूनच हा नियम येतो.

आणि चौथा नियम, जो माझ्या मते सगळ्यात बोलका आहे. लेवीय ४ मध्ये नकळत झालेल्या पापासाठी कुणी काय अर्पण करायचं याचं कोष्टकच आहे. सामान्य माणसाकडून पाप झालं तर शेळी किंवा मेंढी. अधिपतीकडून झालं तर बकरा. सगळ्या समाजाकडून झालं तर गोऱ्हा. आणि अभिषिक्त याजकाकडून झालं तर? तेव्हाही गोऱ्हाच. म्हणजे एकट्या याजकाची चूक अख्ख्या समाजाच्या चुकीइतकी जड धरली आहे. कारणही तिथेच दिलं आहे. त्याच्या पापाचा दोष लोकांवर येतो.

एलीने मुलांना फक्त रागावलं

नियम इतके कडक असूनही ते मोडले जात होतेच, आणि बायबल ते लपवत नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात शिलो इथला वृद्ध याजक एली आणि त्याची मुलं हफनी आणि फिनहास यांची गोष्ट आहे. लोक अर्पणाचं मांस शिजवत असताना या मुलांचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन येई आणि भांड्यातून निघेल ते उचलून नेई. कधी देवासमोर चरबी जाळण्याआधीच कच्चं मांस मागे. कुणी थांब म्हटलं तर जबरदस्तीची धमकी. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशीही ते गैरवर्तन करत.

एलीच्या कानावर हे आलं. तो मुलांना बोलला, पण त्याने त्यांना पदावरून काढलं नाही. कथेत त्याच्यावर ठेवलेला ठपका नेमका हाच आहे, की त्याला माहीत होतं आणि त्याने आवरलं नाही. पुढे त्याच्या घराण्याचं याजकपद जातं. याच शमुवेलाची स्वतःची मुलंही पुढे लाच खाणारी निघतात. वारशाने मिळणाऱ्या पदाबद्दल बायबलचा अनुभव एकूण फारसा चांगला नाही.

उलट बाजूचीही एक गोष्ट आहे. उज्जीया राजा मंदिरात स्वतःच धूप जाळायला गेला, तेव्हा अजऱ्या याजक आणखी ८० याजकांना घेऊन त्याला अडवायला उभा राहिला. हे काम तुमचं नाही, असं त्यांनी राजाला तोंडावर सांगितलं. राजसत्ता आणि धर्मपद एका हातात येऊ नये, असं सांगताना ही घटना अनेकदा पुढे केली जाते.

नव्या करारात शब्द बदलतो

येशूनंतरच्या पहिल्या मंडळ्यांमध्ये नेते होते. नव्या करारात त्यांच्यासाठी मूळ ग्रीक शब्द येतात ते असे: ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे वडील, ‘एपिस्कोपोस’ म्हणजे देखरेख करणारा आणि ‘दियाकोनोस’ म्हणजे सेवक. बलिदान वाहणाऱ्या याजकासाठीचा ग्रीक शब्द ‘हिएरेउस’ आहे. तो यहुदी याजकांसाठी येतो, येशूसाठी येतो, पण मंडळीच्या कोणत्याही एका नेत्याला पदनाम म्हणून कुठेही लावलेला नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या प्रचारकार्याला याजकाच्या सेवेची उपमा दिली आहे, पण ती उपमाच आहे.

गंमत अशी की इंग्रजीतला ‘प्रीस्ट’ हा शब्द या ‘प्रेस्बुतेरोस’वरूनच आला आहे. म्हणजे मुळात ‘वडील’. पुढे इंग्रजीत तोच शब्द बलिदान करणाऱ्या याजकालाही वापरला जाऊ लागला आणि दोन वेगळ्या कल्पना एकाच शब्दात मिसळल्या. मराठी बायबलमध्ये मात्र ‘याजक’ आणि ‘वडील’ हे शब्द वेगळे राहिले आहेत. त्यामुळे मराठी वाचकाला हा फरक इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळतो.

मग याजकपदाचं झालं काय? इब्री लोकांस पत्र त्याचं उत्तर देतं. येशू हाच आता एकमेव प्रमुख याजक आहे, असं त्याचं म्हणणं. पण येशू तर यहूदा वंशातला, लेवी नव्हे. म्हणून पत्राचा लेखक उत्पत्तीमधल्या मलकीसदेक या राजा-याजकाचा आधार घेतो, जो लेवीच्या जन्माच्याही आधीचा आहे. जुने याजक रोज उभे राहून तीच ती अर्पणं करत. ख्रिस्ताने एकदाच अर्पण केलं आणि तो बसला, असा फरक हे पत्र दाखवतं. काम संपलेला माणूस बसतो.

दुसरं उत्तर पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. तिथे सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळून राजकीय याजकगण म्हटलं आहे. इथला ‘राजकीय’ म्हणजे राजाचा, निवडणुकीतला नव्हे. ही कल्पना नवी नाही. निर्गमच्या १९व्या अध्यायात अख्ख्या इस्राएलालाच याजकांचं राज्य म्हटलेलं आहे. पुरोहिताशी तुलना थांबते ती इथे. मंदिर, वंश आणि बलिदान या तिन्ही गोष्टी बाजूला झाल्या, की उरलेलं याजकपद कुणाचं, हाच वाद आहे.

मग ‘फादर’ याजक कसे?

पहिल्या शतकाच्या शेवटी रोमच्या क्लेमेंटच्या पत्रात मंडळीतली शिस्त समजावताना प्रमुख याजक, याजक आणि लेवी यांचं उदाहरण येतं. इ. स. २००च्या सुमारास तर्तुल्यन बिशपला प्रमुख याजक म्हणतो. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर कार्थेजचा बिशप सिप्रियन ही भाषा सर्रास वापरतो. प्रभुभोजनाकडे अर्पण म्हणून पाहिलं जाऊ लागलं, तसा ते वाहणारा याजक ठरत गेला.

कॅथलिक चर्चची भूमिका यावरच उभी आहे. धर्मगुरू स्वतःच्या नावाने नव्हे, तर ख्रिस्ताच्या याजकपदात सहभागी होऊन मिस्सा अर्पण करतो, असं ते मानतात. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘लुमेन जेन्शियम’ या दस्तऐवजात दोन्ही बाजू एकत्र मांडल्या. बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांचं एक सामाईक याजकपद आहे आणि दीक्षित धर्मगुरूंचं एक सेवा-याजकपद आहे. दोन्ही एकमेकांशी जोडलेली, पण त्यांच्यात फक्त पायरीचा नव्हे तर मूळ स्वरूपाचाच फरक आहे. वसईतल्या कॅथलिक घरात मुलाच्या गुरुदीक्षेला इतकं महत्त्व का, हे यावरून समजतं.

जर्मनीत मार्टिन लूथरने १५२० साली याच भिंतीवर घाव घातला होता. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच आहे. धर्मगुरू आणि चांभार यांच्यात फरक आहे तो कामाचा, दर्जाचा नाही, असं त्याचं म्हणणं. पण याचा अर्थ कुणीही उठून व्यासपीठावर चढावं असा त्याने लावला नाही. १५३०च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात रीतसर बोलावणं असल्याशिवाय कुणी जाहीरपणे शिकवू नये, असं कलम आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये ‘पाळकसाहेब’ असतात आणि त्यांच्या जोडीला पंच असतात, ती याच विचाराची वाट आहे.

मराठीत या कल्पनेला सर्वात पुढे नेलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. स्वतः दीक्षित पाळक असूनही १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत टिळकांचं निधन झालं आणि हा प्रयोग वाढू शकला नाही.

आज हे कुठे येऊन भिडतं?

सगळ्यात आधी पैशात. अनेक चर्चमध्ये, विशेषतः स्वतंत्र आणि पेंटेकोस्टल मंडळ्यांत, दशमांश देण्यावर भर असतो आणि मलाखीच्या तिसऱ्या अध्यायाचा दाखला दिला जातो. दशमांश देणं हा श्रद्धेचा भाग आहे, त्यावर बाहेरच्याने बोलण्यासारखं काही नाही. पण मलाखीचे पहिले दोन अध्याय याजकांनाच फैलावर घेतात, कारण ते आंधळी-लंगडी जनावरं अर्पणाला चालवून घेत होते. ते अध्याय दशमांशाच्या आवाहनासोबत क्वचितच वाचले जातात. दशमांशाबरोबर येणारं जमीन नसण्याचं बंधन आणि विधवा-अनाथांचा वाटा याबद्दलही तेच. नव्या करारातला पौल सेवकाला लोकांनी पोसावं हे मान्य करतो, पण स्वतः तंबू शिवून पोट भरतो.

दुसरा मुद्दा ‘अभिषिक्त’ या शब्दाचा. नेत्यावर प्रश्न आला की देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका, या अर्थाचं स्तोत्र १०५ मधलं वाक्य पुढे येतं. त्या स्तोत्रात ही ताकीद राजांना आहे. अब्राहाम, इसहाक, याकोब हे मूठभर लोक परक्या देशांतून भटकत होते, त्यांना त्रास देऊ नका, असं देव राजांना बजावतो. म्हणजे दुबळ्यांच्या संरक्षणासाठीचं वाक्य बलवानाच्या ढालीसारखं वापरलं जातं. याच्या जोडीला कोरहाची गोष्टही सांगतात. सगळा समाज पवित्र आहे, मग मोशे आणि अहरोन स्वतःला वर का चढवतात, असं विचारणाऱ्या कोरहाला जमिनीने गिळलं. ही गोष्ट बायबलमध्ये आहेच, ती नाकारता येत नाही. पण पदावर बसलेल्या एलीच्या घराण्याचं काय झालं, हेही त्याच बायबलमध्ये आहे.

महिलांच्या प्रश्नावर दोन्ही बाजू याजकपदाकडेच बोट दाखवतात. अहरोनाच्या घराण्यात फक्त पुरुष याजक होते आणि येशूने बारा पुरुष प्रेषित निवडले, ही एक बाजू. याजकपद सगळ्या बाप्तिस्मा झालेल्यांचं असेल तर स्त्री बाहेर कशी, ही दुसरी. कॅथलिक चर्चने १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या पत्राद्वारे स्त्रियांना गुरुदीक्षा देता येणार नाही, हे पुन्हा स्पष्ट केलं. त्यांचा भर अहरोनावर नव्हे, तर प्रेषितांच्या निवडीवर आहे. दुसरीकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता यांना बिशप केलं. त्या चर्चच्या पहिल्या महिला बिशप ठरल्या.

आणि शेवटी जाब विचारण्याचा मुद्दा, जिथे एलीची गोष्ट आजही टोचते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात वडिलांविरुद्धची तक्रार दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, असं सांगितलं आहे. खोट्या आरोपापासून संरक्षण म्हणून हे ठीक आहे. पण लैंगिक अत्याचाराला दुसरा साक्षीदार सहसा नसतोच. आणि लगेच पुढचंच वाक्य, दोषी वडिलांना सगळ्यांसमोर दोष द्यावा, हे मात्र अनेकदा गाळलं जातं.

जगभरच्या प्रकरणांनंतर पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये अशा तक्रारी वरिष्ठांना कळवणं धर्मगुरूंवर आणि संन्यस्तांवर बंधनकारक केलं. माहिती दाबणारा बिशपही त्या नियमांच्या कक्षेत आला. २०२३ मध्ये हे नियम कायमस्वरूपी करण्यात आले. भारतात तर २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते. चर्चच्या आतली चौकशी त्याला पर्याय ठरत नाही.

पैशाबाबत कॅथलिक धर्मग्रामात अर्थसमिती असणं चर्चच्या कायद्यानेच सक्तीचं आहे. सीएनआयसारख्या चर्चमध्ये सिनड आणि धर्मप्रांतिक परिषदा आहेत. एका कुटुंबाभोवती उभ्या राहिलेल्या स्वतंत्र मंडळ्यांमध्ये मात्र संस्थापक, पाळक आणि खजिनदार एकाच घरातले असू शकतात, आणि वडिलांनंतर मुलगा हेही अगदी सहज घडतं. तिथे वरचा बिशप नसतो आणि सिनडही नसते. अशी मंडळी महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर तिला १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. दरवर्षी हिशोबाचं लेखापरीक्षण करावं लागतं. गैरव्यवहार असेल तर न्यासात हितसंबंध असलेली व्यक्ती, म्हणजे मंडळीचा साधा सभासदसुद्धा, धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू शकते आणि आयुक्त विश्वस्ताला पदावरून दूरही करू शकतात.